२७ इंची फोर-के मॉनिटर, आठ महिने वापरून: मॉनिटर चांगलाय, घोळ केबलचा होता

दिवाळीत घेतला, आता आठ महिने झाले. मी सांगलीत विश्रामबागला घरूनच हळदीच्या अडत्यांची आणि दोन-तीन किराणा दुकानांची खाती लिहिते, दिवसभर टॅली नाहीतर एक्सेल, लॅपटॉपच्या १५ इंची स्क्रीनवर डोळे पार शिणून जायचे म्हणून घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण जो त्रास झाला त्यात मॉनिटरचा काही दोष नव्हता.

पहिल्या दिवशी मोबाईलच्या चार्जरची सी टू सी केबल लावली. लॅपटॉपला सी पोर्ट, मॉनिटरला पण सी पोर्ट, दोन्हीकडं बरोबर बसली आणि समोर 'नो सिग्नल'. मॉनिटरच्या बटणानं इनपुट बदलून बघितलं, विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंड केलं, काही नाही. नंतर समजलं की चार्जरसोबत येणाऱ्या बऱ्याच केबलींतून चार्जिंग आणि यूएसबी २.० चा डेटा एवढंच जातं, व्हिडिओ न्यायच्या तारा आत नसतातच.

मग टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय काढून लावली. चित्र आलं, पण माउसचा बाण मागनं ओढत आणल्यासारखा यायचा आणि एक्सेल खाली सरकवलं की ओळी अडखळायच्या, अर्ध्या तासात डोकं धरलं. दुकानात फोन केला तर म्हणाले ताई पॅनलच खराब असणार, घेऊन या, कंपनीकडं पाठवतो, पंधरा दिवस धरा. इकडं ११ तारखेला सगळ्यांचे जीएसटीआर-१ भरायचे, पंधरा दिवस कुठनं आणू? शेवटी भाच्यानं फोनवर सांगितलं, मावशी सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघड आणि रिफ्रेश रेट किती लिहिलाय ते वाच. ३० हर्ट्झ. माझ्या लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट जुना १.४ वाला निघाला, तो फोर-के ला सेकंदाला ३० चित्रांच्या (म्हणजे ३० हर्ट्झच्या) वर जात नाही, ६० पाहिजे तर पोर्ट २.० चा लागतो. म्हणजे भारीतली एचडीएमआय केबल आणली असती तरी पैसे पाण्यातच.

मग त्यानं सी पोर्टचा फोटो मागितला. पोर्टशेजारी इंग्रजी डी च्या पोटात पी बसवल्यासारखी बारीक खूण होती, टॉर्च मारल्यावर दिसली. ती खूण म्हणजे या पोर्टातनं डिस्प्लेपोर्टचं (एचडीएमआयसारखाच मॉनिटरला चित्र न्यायचा दुसरा प्रकार) चित्र बाहेर येतं, सगळ्याच सी पोर्टांतनं येत नाही. दीड मीटरची सी टू डिस्प्लेपोर्ट केबल आणली, लावल्या लावल्या ६० हर्ट्झ. त्या क्षणी खरंच डोळ्यात पाणी आलं, पॅनल बदलायला दिलं असतं तर काय झालं असतं!

आता मॉनिटरबद्दल. १५० टक्के स्केलिंग ठेवलंय, म्हणजे अक्षरं दीडपट मोठी दिसतात. अडत्यांच्या पट्ट्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, हातानं लिहिलेले, त्यातला ३ आहे का ८ आणि नावावर अनुस्वार आहे का शाईचा ठिपका हे आता मोठं न करता दिसतं. डावीकडं पट्टी, उजवीकडं टॅली. मार्च एंड याच्यावरच काढला. स्पीकर अगदी किरकोळ आहेत.

पाऊस सुरू झाला तसा नवीनच त्रास, पंखा बंद-चालू केला की स्क्रीन सेकंदभर काळी व्हायची. त्याच दिवसांत चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या यायच्या, पण दोन्हीचा संबंध लावला नव्हता. गल्लीतल्या वायरमन दादांनी बोर्ड उघडला तर अर्थिंगची वायर जोडलेलीच नाही, नुसती गुंडाळून आत ठेवलेली. जोडून दिल्यापासून झिणझिण्या गेल्या आणि स्क्रीन काळी व्हायची पण थांबली. केबल बदलायच्या आधी बोर्ड बघून घ्या, हे मी आता सगळ्यांना सांगते, हा जिवाचा प्रश्न आहे.

एक खोड अजून आहे. लॅपटॉप स्लीपमधून उठला की कधीकधी मॉनिटर उठत नाही. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबायचं, ग्राफिक्स ड्रायव्हर परत सुरू होतो आणि बहुतेक वेळा चित्र येतं. नाहीच आलं तर मॉनिटरची पिन बोर्डातनं काढून दोन मिनिटं थांबते, मग लावते.