पत्र्याची डेव्हलपमेंट काढायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

डेव्हलपमेंट म्हणजे वाकवून करायच्या वस्तूला सपाट पत्रा किती आणि कोणत्या आकाराचा लागेल ते काढणं. 2 मिमी जाडीचा एक ट्रे धरा. तळ 400, दोन्ही बाजूंना 50 ची उभी भिंत आणि भिंतीच्या माथ्यावर आत वळलेलं 15 चं रिटर्न. मापं सगळी बाहेरून, आतला रेडियस 2. आता के फॅक्टरला (वाकवताना लांबी न बदलणारा थर आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे, तो आकडा) हात न लावता हाच ट्रे सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर आणि सॉलिड एजमध्ये उलगडा. ब्लँकची, म्हणजे उलगडलेल्या सपाट पत्र्याची, लांबी पहिल्यात 516.85 येते, दुसऱ्यात 516.10 आणि तिसऱ्यात 514.71. तिघांनी के ची मूळ किंमत अनुक्रमे 0.5, 0.44 आणि 0.33 धरलेली असते, म्हणून हा फरक पडतो. चार बेंडमध्ये 2 मिमीच्या वर तफावत. बेदाणा प्रतवारीच्या मशीनला असा ट्रे बसवायचा असेल, तर तो फ्रेममध्ये जाणार नाही किंवा गेलाच तर खडखडत राहील.

मी कुपवाड एमआयडीसीतल्या छोट्या शेडना ड्रॉइंग काढून देतो. कुणी सॉफ्टवेअर विचारलं, की मी आधी त्यांच्या ब्रेक प्रेसवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) कोणती डाय, म्हणजे खालचा साचा, असते ते विचारतो. एअर बेंडिंगमध्ये, म्हणजे वरचा पंच पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवतो तेव्हा, आतला रेडियस ठरतो तो मुख्यतः डायच्या व्ही आकाराच्या खाचेच्या रुंदीवर. जाडीच्या आठपट व्ही घ्यायचा रिवाज आहे, म्हणजे 2 मिमीला 16 चा. त्यात माइल्ड स्टीलचा रेडियस अडीचच्या आसपास येतो आणि एस.एस. 304 चा तीनच्या वर जातो. ड्रॉइंगवर आपण 2 लिहिलेलं असतं, मशीनला ते ठाऊक नसतं.

म्हणून खरेदीच्या आधी एक काम करा. आपल्याच पत्र्याची बरोबर 100 मिमीची पट्टी कापा, आपल्याच डायवर 90 अंशात वाकवा आणि दोन्ही पाय बाहेरून मोजा. बेरीज 103.6 आली, तर त्या पत्र्याचं बेंड डिडक्शन, म्हणजे बाहेरच्या मापांच्या बेरजेतून दर बेंडला वजा करायचा आकडा, 3.6. प्रत्येक जाडीच्या तीन-तीन पट्ट्या करून वहीत तक्ता लिहा. पुढे कोणतंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी हे आकडे कामाला येतात.

हा तक्ता आत भरायला सॉलिडवर्क्स मला सर्वांत सोपं वाटतं. डिडक्शनचा आकडा थेट टाकता येतो, गेज टेबल (जाडीनुसार आकड्यांचा तक्ता) एक्सेलमध्ये ठेवता येतं. ड्रॉइंगवर उलगडलेला व्ह्यू टाकला की बेंडच्या रेषांवर वर की खाली, किती अंश, किती रेडियस ही टीप आपोआप बसते. ब्रेक प्रेसवरच्या माणसाला तेवढंच हवं असतं. ब्लँकची लांबी-रुंदी कट लिस्टमधून उचलता येते, त्यामुळे पत्रा किती लागेल याचा हिशोब लगेच होतो. एक खोड मात्र आहे. बेंडच्या रेषांचं स्केच लपवलेलं राहिलं, तर ड्रॉइंगवर रेषा दिसतच नाहीत आणि कोऱ्या चौकोनाची प्रिंट शेडवर जाते. मी प्रिंट देण्याआधी रेषा मोजतो, बेंड मोजतो, दोन्ही जुळले तरच कागद सोडतो.

इन्व्हेंटर मला आवडतं ते त्याच्या रूलमुळे. जाडी, धातू, के आणि कोपऱ्याचा रिलीफ (वाकवताना पत्रा फाटू नये म्हणून ठेवलेली खाच) एका नावाखाली बांधून ठेवायचा. गिऱ्हाईक म्हणालं, 2 मिमी सी.आर. (कोल्ड रोल्ड पत्रा) नको, 3 मिमी एस.एस. करा, तर रूल बदलायचा आणि सगळे पार्ट पुन्हा उलगडतात. हळद शिजवायच्या कुकरच्या बाह्य आवरणासारखं, आज एका जाडीत आणि उद्या दुसऱ्या जाडीत जाणारं काम ज्यांच्याकडे असतं, त्यांचे यात दिवस वाचतात. बेंडचा क्रमही ड्रॉइंगवर लिहिता येतो. रिटर्न आधी वाकवायचं की भिंत, हे चुकलं तर पत्रा पंचला अडतो, त्यामुळे या क्रमाला मी फार मान देतो. बेंडची टीप मात्र इथे आपण मागून टाकावी लागते.

लेझर कटिंगला पाठवायच्या डीएक्सएफ फाइलमध्येही इन्व्हेंटर उजवं आहे. बाहेरची कडा, आतली भोकं, वर वाकणाऱ्या रेषा आणि खाली वाकणाऱ्या रेषा वेगवेगळ्या लेयरवर येतात. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी सगळं एकाच लेयरवर दिलं होतं. एस.एस.चे चार पॅनेल बेंडच्या रेषांवर कापून, पट्ट्या होऊन परत आले. त्या पत्र्याचे पैसे मी भरले. तेव्हापासून लेझरवाल्याला फक्त कापायच्या रेषा जातात, बेंडच्या रेषा फक्त ड्रॉइंगवर असतात.

फ्रीकॅड फुकट आहे आणि धंद्यात वापरायलाही मोकळं आहे. फ्यूजनच्या वैयक्तिक मोफत परवान्यावर किंवा सॉलिड एजच्या कम्युनिटी आवृत्तीवर गिऱ्हाइकाचं काम करता येत नाही. फ्रीकॅडमध्ये शीट मेटलचा वर्कबेंच, म्हणजे त्या कामाच्या साधनांचा संच, वेगळा जोडून घ्यावा लागतो. साधे डबे, ब्रॅकेट, पॅनेलची दारं यात व्यवस्थित उलगडतात. के टाकताना तो अन्सी (अमेरिकी) पद्धतीचा की डिन (जर्मन) पद्धतीचा हे नीट निवडा, कारण डिनचा आकडा अन्सीच्या दुप्पट असतो. टिपा हाताने लिहाव्या लागतात. चौकोनातून गोल होणाऱ्या हॉपरला (माल ओतायच्या नरसाळ्याला) मला तिथे त्रास झाला. तो आकार सॉलिडवर्क्स आणि इन्व्हेंटर दोन्ही बेंडच्या रेषांसकट उलगडून देतात.

ऑटोकॅडमध्ये हाताने डेव्हलपमेंट काढणारे अनुभवी लोक आपल्याकडे आहेत आणि त्यांचा आकडा बहुधा चुकत नाही. ठरावीक चार-पाच पार्ट वर्षानुवर्षं करत असाल, तर तेच चालू ठेवा. एक माप बदललं की सगळं पुन्हा काढावं लागतं, एवढीच अडचण.

किमतीचं मी इथे लिहीत नाही, ती विक्रेत्यागणिक आणि वर्षागणिक बदलते. जॉबवर्क घेत असाल, तर गिऱ्हाइकाकडून कोणत्या फाइल येतात ते आधी पाहा. दहापैकी आठ सॉलिडवर्क्सच्या असतील, तर तेच घ्या, फाइल बदलताना बेंड बिघडतात आणि ते दुरुस्त करण्यात संध्याकाळ जाते. स्वतःचं उत्पादन असेल आणि एकच मशीन पाच मापांत विकत असाल, तर माझं मत इन्व्हेंटरला. शेड नुकतीच टाकली असेल आणि अजून कर्ज फिटायचं असेल, तर सहा महिने फ्रीकॅडवर काढा.

विक्रेता डेमो द्यायला येईल तेव्हा त्याच्या तयार ब्रॅकेटवर डेमो घेऊ नका. तुमचा सगळ्यांत अवघड हॉपर त्याच्यासमोर ठेवा, तुमच्या वहीतला आकडा घालून उलगडायला सांगा. बेंडच्या रेषा वगळून ती डीएक्सएफ तशीच लेझरला द्या, एक नग वाकवा आणि टेपने मोजा.