रात्री बटण बंद करणाऱ्या घरात विंडोज अपडेट

विंडोज ११ च्या होम आवृत्तीत अपडेट आपोआप उतरणे आणि बसणे कायमचे बंद करण्याची सोय सेटिंग्जमध्ये दिलेली नाही. ते केव्हा व्हावे, एवढेच थोडेफार आपल्या हाती ठेवले आहे. हे थोडेफार म्हणजे नेमके किती, ते पुण्यातल्या आमच्या घरच्या संगणकावर गेले वर्षभर मी लक्ष ठेवून पाहिले. संगणक एकच आहे आणि वापरणारी माणसे चार: सकाळी सासूबाईंचे बँकेचे व्यवहार, दुपारी मुलीचा अभ्यास, संध्याकाळी यजमानांचे सोसायटीचे हिशेब आणि जेवणानंतर माझे भाषांतराचे काम. त्यामुळे संगणक आता पुन्हा सुरू झाला तरी चालेल, असे सगळ्यांच्या सोयीचे अर्ध्या तासाचे रिकामेपण शोधणे हाच आमच्याकडचा खरा प्रश्न आहे.

मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे नियमित अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात आणि ही प्रथा २००३ पासून चालत आली आहे. ते प्रसिद्ध होतात तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात. आपल्याकडे तिकडच्या उन्हाळी वेळेनुसार रात्रीचे साडेदहा आणि एरवी साडेअकरा. त्यामुळे आमच्याकडे त्याची चाहूल लागते ती बुधवारी सकाळी, आणि दुपारपर्यंत बंद करण्याच्या बटणावर तो छोटा नारिंगी ठिपका दिसू लागतो. महिन्यातला हा एक दिवस आधीच ठाऊक असणे, हा या सेवेचा मला सर्वांत उपयोगी वाटलेला गुण आहे, कारण दिवस ठाऊक असला की बाकीची आखणी आपली आपल्याला करता येते.

सेवेने स्वतः दिलेली आखणीची सोय म्हणजे 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स'. या वेळेत संगणक आपण होऊन रिस्टार्ट होत नाही. ही वेळ विंडोज आपल्या वापरावरून स्वतः ठरवते, किंवा आपण ती हाताने भरू शकतो. मात्र ती १८ तासांहून अधिक ठेवता येत नाही. चार माणसांचा वापर चार तऱ्हांचा असल्यामुळे हा अंदाज मी यंत्रावर सोपवला नाही आणि सकाळी सहा ते रात्री बारा अशी वेळ भरून टाकली. नेमलेल्या वेळेत रिस्टार्ट न करण्याचा शब्द विंडोजने आजवर पाळला आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या सोयीची मांडणीच उलटी आहे, असे माझे मत झाले आहे. आपल्याला विचारले जाते ते 'केव्हा नको' एवढेच. 'केव्हा कर' हे सांगण्याची कायमस्वरूपी जागा होम आवृत्तीच्या सेटिंग्जमध्ये नाही. प्रो आवृत्तीत 'ग्रुप पॉलिसी' नावाच्या प्रगत सेटिंग्जच्या दालनातून आठवड्याचा वार आणि तास नेमून देता येतो, होम घेणाऱ्याला मात्र ते दालन उघडलेलेच नाही. ज्या आवृत्तीच्या नावातच घर आहे, तिच्यात घराच्या दिनक्रमाला इतकी कमी जागा असावी, हे मला खटकते.

शिवाय या सगळ्या रचनेमागे एक गृहीतक आहे, ते म्हणजे संगणक रात्री चालू किंवा निदान झोपलेल्या अवस्थेत असतो. विंडोजच्या स्वयंचलित देखभालीची मूळ वेळही रात्री दोनची आहे, आणि त्या वेळी झोपलेल्या संगणकाला जागे करण्याची परवानगी देता येते. आमच्या घरी रात्री दहानंतर सासूबाई एक फेरी मारतात आणि टीव्ही, राउटर, यूपीएस यांची बटणे एकामागून एक बंद करतात. त्यामागचा त्यांचा विचार साधा आहे: रात्रभर वीज कशाला जाळायची? काम उशिरापर्यंत चालणार असेल, तर मला आधी तसे सांगून ठेवावे लागते. अशा घरात रात्री दोन वाजता जागे होण्यासाठी संगणकाला काही उरतच नाही, आणि बारानंतरची मोकळी ठेवलेली वेळ कागदावरच राहते.

याचा प्रत्यय एकदा आला. बंद करताना मी 'अपडेट अँड शट डाउन' निवडले आणि झोपायला गेले. पडद्यावर टक्के पुढे सरकत असतानाच सासूबाईंची फेरी झाली आणि यूपीएसचे बटण बंद झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकाने अपडेट पूर्ण होऊ शकले नसल्याचे सांगितले, केलेले बदल मागे घेतले आणि सुमारे अर्ध्या तासाने तो पूर्वीसारखा चालू झाला. एकही फाइल गेली नाही, आणि अर्धवट राहिलेले काम इतक्या शांतपणे आवरण्याच्या या क्षमतेला मी पैकीच्या पैकी गुण देईन. दोष द्यायचाच, तर तो बटणाला नव्हे, मला, कारण मी सांगून ठेवले नव्हते.

त्यानंतर आम्ही 'शेड्यूल द रिस्टार्ट' हा पर्याय वापरू लागलो. अपडेट बसून रिस्टार्टची वाट पाहत असेल तेव्हाच हा पर्याय दिसतो आणि त्यात दिवस व वेळ निवडता येते. मी बुधवारी रात्री साडेआठ ही वेळ देते, कारण तेव्हा सगळे जेवायला बसलेले असतात. गुरुवार टाळते, कारण आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची असली की ती बहुधा गुरुवारीच ठेवतात. ही निवड दर महिन्याला नव्याने करावी लागते, कारण ती लक्षात ठेवली जात नाही. दर महिन्याला बदलणार नाही अशा वेळेसाठी दर महिन्याला तेच दोन आकडे भरणे, हे मला या सेवेतले सर्वांत निष्काळजी काम वाटते.

थांबवून ठेवण्याची सोय पुरेशी आहे. मुलीच्या परीक्षेच्या काळात मी अपडेट तीन आठवडे थांबवले होते. कमाल मुदत पाच आठवड्यांची मिळते आणि ती संपल्यावर पुन्हा थांबवण्याआधी अपडेट बसवावेच लागतात. ही सक्ती मला जाचक वाटत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम जगभर पसरला, तेव्हा तो ज्या फटीतून शिरत होता ती बुजवणारे अपडेट त्याच वर्षी १४ मार्चला येऊन गेले होते. जवळजवळ दोन महिने ते अनेक संगणकांवर बसलेच नव्हते.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवणाऱ्यांनी त्या जोडणीला 'मीटर्ड' (म्हणजे डेटा मोजून मिळणारी) ठरवण्याचे बटण स्वतः सुरू करून घ्यावे, नाहीतर दिवसाचा दीड जीबीचा डेटा चहा होईपर्यंत संपलेला असू शकतो. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये डाउनलोडच्या वेगाला मर्यादाही घालता येते. ब्राउझर आणि इतर बरेचसे प्रोग्राम यांची अपडेटची व्यवस्था मात्र स्वतंत्र असते, त्यांना यातले कोणतेच वेळापत्रक लागू होत नाही.

जुन्या लॅपटॉपवर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम ठेवली आहे. तिथे अपडेट मॅनेजरमधले एक बटण सुरू केले की अपडेट आपोआप बसत राहतात आणि रिस्टार्टची सक्ती कोणी करत नाही. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बदलला असेल तर तो पुढच्या खेपेला संगणक सुरू झाल्यावर लागू होतो. आमच्या दिनक्रमाला हे अधिक मानवते. पण यजमानांचे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, म्हणून हॉलमधल्या संगणकावर विंडोज आहे, आणि महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी यूपीएसच्या बटणावर सासूबाईंच्या अक्षरातली चिठ्ठी असते: 'नऊ वाजेपर्यंत हात लावू नये.'