आत्याचे दोन डोळे, एक धर्मादाय रुग्णालय : नऊ महिन्यांनंतर

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा कुणी मत विचारलं असतं, तर मी त्या रुग्णालयावर स्तोत्र लिहून दिलं असतं. म्हणूनच तेव्हा लिहिलं नाही. पट्टी निघते तो दिवस बहुतेकांचा चांगलाच जातो. आता नऊ महिने झालेत. आत्याच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, एका डोळ्याला नंतर लेसर लागलं, चष्मा दोनदा बनवावा लागला आणि तिला घेऊन मी त्या दारातून अकरा वेळा आत गेलो. आता बोलायला हरकत नाही.

आत्या ६८ वर्षांची, गावी एकटी राहते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हे तिला तीन वर्षांपासून माहीत होतं. 'पिकू दे, मग काढू' या जुन्या सल्ल्यावर ती थांबून होती. हा सल्ला ज्या काळी डोळ्यातलं भिंग काढून टाकायचे आणि त्याजागी काहीच न बसवता जाड काचेचा चष्मा द्यायचे, त्या काळचा. तेव्हा घाई करण्यात फायदा नव्हता. आता रोजची कामं अडायला लागली की काढलेला बरा, कारण फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, ऑपरेशन नाजूक होतं आणि कधीकधी डोळ्याचा दाबही वाढतो. मधल्या काळात कुणीतरी दिलेले 'मोतीबिंदू विरघळवणारे' थेंबही तिने वर्षभर घातले. असे थेंब नसतात. भिंगातली प्रथिनं एकदा गढुळली की ती पुन्हा निवळत नाहीत. हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, "मग थंड वाटायचं ते काय होतं?" थंडच होतं ते, दुसरं काही नाही.

शेवटी शाळेत शिबिर लागलं तेव्हा मी तिला जवळजवळ ओढत नेलं. शिबिरातच डोळा कापतात अशी तिची समजूत. पूर्वी शाळांच्या खोल्यांत, तंबूंत ऑपरेशनं व्हायची हे खरं, पण जंतुसंसर्गाच्या भीतीने आता बहुतेक ठिकाणी शिबिरात फक्त निवड होते आणि ऑपरेशन मुख्य रुग्णालयात होतं. तक्ता वाचून घेतला, बॅटरी मारून पाहिलं. उजव्या डोळ्याला समोर हात हलतोय एवढंच कळत होतं. डावा ६/३६ होता, म्हणजे चांगल्या डोळ्याला ३६ मीटरवरून दिसतं ते तिला ६ मीटरवरून दिसायचं. चिठ्ठी मिळाली, तारीख मिळाली, न्यायला गाडी येईल असंही सांगितलं. गाडी आली. वेळेवर आली.

रुग्णालयातला पहिला अर्धा दिवस बाकड्यावर गेला. पाठ टेकायला काही नसलेलं लांबलचक बाकडं, आणि दर वीस मिनिटांनी सगळी रांग दोन जागा पुढे सरकायची. पण त्या रांगेला एक लय होती. रक्तदाब, साखर, लासरूतून, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातल्या अश्रूंच्या पिशवीतून, पाणी नीट जातंय का ते पाहणं (आत्याने तिथे डॉक्टरांचा हात धरून ठेवला होता), मग डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलावा मोजून आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढणं. त्यानंतर बाहुली मोठी करायचे थेंब. ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्या वर कपाळाला चिकटपट्टी. नाव काय, डोळा कुठला, हे तिला निदान सहा जणांनी विचारलं. चौथ्यांदा ती वैतागली, "अगं, पट्टी लावलीय ना तुम्हीच!" मला मात्र त्या सहा वेळांचं फार बरं वाटलं.

ही सगळी कामं विशी-बाविशीच्या मुली करत होत्या, बोलण्यावरून खेड्यापाड्यांतल्याच. डॉक्टर दिसले ते मोजक्या मिनिटांपुरते. आधी हे मला खटकलं. नंतर कळलं की पद्धतच अशी आहे: शिकवून येणारं काम शिकवलेल्या माणसांनी करायचं, आणि सर्जनचा वेळ फक्त सर्जनच करू शकेल अशा कामाला ठेवायचा. आत दोन टेबलं असतात. एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावरचा पेशंट तयार होतो, आणि पहिलं संपलं की मायक्रोस्कोप त्या बाजूला वळतो. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने हे तंत्र नावारूपाला आणलं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी ५८व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ मध्ये ११ खाटांवर त्यांनी ते सुरू केलं. संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या या माणसाने त्याच बोटांनी हजारो मोतीबिंदू काढले. पैसे देणाऱ्यांच्या जिवावर न देणाऱ्यांचा खर्च भागवायचा हा हिशेबही तिथलाच. आमच्या रुग्णालयातही तसंच होतं: खोल्या वेगळ्या, ऑपरेशन करणारे हात तेच.

भिंग मात्र वेगळं होतं, आणि तिथे माझा संशय जागा झाला. पैसे भरणाऱ्यांना घडी होणारं भिंग आणि फेको मशीनचं ऑपरेशन, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू आतच फोडून ओढून घेणं. मोफत विभागात न वाकणारं भिंग आणि हाताने केलेली, सहा-सात मिलिमीटरची, आपोआप मिटणारी चीर. 'म्हणजे गरिबाला हलका माल?' असं मी तोंडावर विचारलं. डॉक्टर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "इतका पिकलेला, कडक मोतीबिंदू फेकोने फोडायचा तर आत जास्त ऊर्जा लागते, बुबुळाला सूज येऊ शकते. तुम्ही पैसे भरले असते तरी या डोळ्याला मी हेच सुचवलं असतं." ते न वाकणारं भिंग ज्या प्लॅस्टिकचं असतं त्याची गोष्ट मला आधीपासून आवडते. युद्धात विमानाच्या काचेचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, पण डोळ्यांनी ते मुकाट्याने सोसले, हे हॅरॉल्ड रिडली या ब्रिटिश डॉक्टरांनी हेरलं आणि १९४९ मध्ये त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. पुढे कितीतरी वर्षं हे भिंग गरीब देशांना परवडत नव्हतं. १९९२ मध्ये अरविंदने ऑरोलॅब काढून ते भारतातच बनवायला घेतलं, तेव्हा किमती कोसळल्या. मोफत ऑपरेशनात भिंगही मिळतं ते या कारखानदारीमुळे, नुसत्या दानशूरपणावर ते भागलं नसतं.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. डोळ्याशेजारी इंजेक्शन, मग जेमतेम दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली आणि उजवा डोळा चष्म्याशिवाय ६/१८ आला.

पुढचे सात आठवडे आत्याचा एक डोळा नवा आणि एक जुना होता, आणि तिने त्याचा खेळच करून टाकला. एकेक डोळा झाकून ती घरातल्या पांढऱ्या चादरीकडे बघायची. नव्या डोळ्याला चादर पांढरी, थोडी निळसरच, जुन्याला मातकट. "इतकी वर्षं मी या घरात मळक्यात राहत होते काय रे?" मोतीबिंदूचं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग गाळत राहतं, हे मी वाचलेलं होतं, पण तिच्या चादरीने ते जास्त नीट समजलं. या खेळाची दुसरी बाजू म्हणजे तिला पायऱ्यांचा अंदाज येईना. दोन डोळे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात तेव्हा खोली चुकते. एकदा शेवटची पायरी हुकली, सुदैवाने भिंत हाताशी होती. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत उतरताना जपा, एवढं एक वाक्य घरी सोडताना कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं.

आता माझी मुख्य तक्रार. ऑपरेशन दहा मिनिटांचं आणि थेंब सहा आठवड्यांचे. पहिल्या आठवड्यात दिवसातून ६ वेळा, मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी. शिवाय दुसरी बाटली, तिचं वेळापत्रक वेगळं. हे सगळं एका हॉलमध्ये साठेक माणसांना एकदम सांगितलं गेलं. 'समजलं का?' सगळ्यांनी माना डोलावल्या, आत्यानेही. घरी आल्यावर दिसलं की दोन्ही बाटल्यांची टोपणं सारख्याच रंगाची आहेत, अक्षरं मुंगीएवढी आहेत आणि आत्याच्या बोटांत बाटली दाबायचं बळ नाही. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने बारीक अक्षर वाचावं ही अपेक्षा कुणाची, देव जाणे. मी एका बाटलीला रबरबँड गुंडाळला, शेजारच्या मुलीला कामाला लावलं आणि परत शहरात आलो. दहाव्या दिवशी आत्याने स्वतःच ठरवलं की डोळा बरा झालाय. थेंब बंद.

बाराव्या दिवशी डोळा लाल, ठणका, उजेड सहन होईना. मी कार्डावरच्या नंबरला फोन लावला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. पलीकडच्या सिस्टरने तीनच गोष्टी विचारल्या: दुखतंय का, कालपेक्षा दिसायला कमी झालंय का, चिकट पाणी येतंय का. मग म्हणाली, "सकाळची वाट बघू नका, आत्ता निघा." गेलो. डॉक्टर थांबलेल्या होत्या. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला असता तर तासातासाने नजर गेली असती. तसं नव्हतं, थेंब अचानक तोडल्यामुळे आतली सूज उसळली होती. थेंब पुन्हा सुरू, आठवड्यात शांत. त्या रात्रीचे गुण मी रुग्णालयाला पैकीच्या पैकी देतो, आणि ती रात्र आली कशामुळे त्याचे अर्धे गुण त्यांचे कापतो, अर्धे आत्याचे. ज्यांच्याकडे फोन लावायला भाचा नाही, निघायला गाडी नाही, त्या साठातल्या बाकीच्यांचं काय झालं असेल, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ऑपरेशन मोफत असलं तरी सोबत येणाऱ्याचा दिवस मोफत नसतो. माझे अकरा दिवस गेले. मजुरीवर जगणाऱ्या घरात अकरा दिवस कोण काढेल?

डाव्या डोळ्याच्या वेळी मी शहाणा झालो होतो. थेंबांचा तक्ता मोठ्या अक्षरात लिहून घेतला, सोडताना सिस्टरला आत्याकडून तो वाचून घ्यायला लावला. ते ऑपरेशन बिनबोभाट झालं.

चष्म्याचं मात्र घोडं अडलं. मोठ्या चिरेमुळे बुबुळाचा गोलावा किंचित बदलतो, म्हणून तिरका नंबर येतो, तो स्थिरावायला काही आठवडे जातात. मग आडव्याउभ्या अक्षाचा हिशेब करून काच घासावी लागते. आमची पहिली काच चुकीच्या अक्षावर घासून आली. आत्याला जमीन एका बाजूला कललेली दिसायची, आणि तिला वाटलं नव्या चष्म्याला असंच होत असेल, म्हणून तिने तीन आठवडे कललेल्या जमिनीवर काढले. रुग्णालयाने काच विनातक्रार बदलून दिली, पण त्यासाठी दोन खेपा झाल्या. जवळचं वाचायला तयार चष्मा दिला होता तो पहिल्यापासून चोख.

सातव्या महिन्यात उजवा डोळा पुन्हा अंधुक झाला. हळूहळू, न दुखता. गावात लगेच निकाल लागला: 'फुकटचं ऑपरेशन, फेल गेलं.' आत्या आठवडाभर कुणाशी बोलली नाही. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग काढताना त्याची मागची पातळ पिशवी ठेवतात, त्यातच नवं भिंग बसतं. काही जणांत महिन्यांनी, वर्षांनी ती पिशवी गढुळते. भिंग उत्तम असो की साधं, पैसे भरून घेतलेलं असो की मोफत, हे होऊ शकतं. उपाय म्हणजे याग लेसरने त्या पिशवीच्या मधोमध एक छोटी खिडकी पाडायची. चीर नाही, भरती व्हायचं नाही, खुर्चीवर बसल्या बसल्या पाच मिनिटांत काम. दुसऱ्या दिवशी आत्याने भिंतीवरचं कॅलेंडर खाटेवरून वाचलं. या गोष्टीबद्दल सोडतानाच्या कागदावर एक ओळ नव्हती. आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्या एक आजी अशाच 'फेल गेलेल्या' डोळ्याने बसून आहेत. त्यांना आता घेऊन जायचं ठरलंय.

शिबिरांबद्दलही माझं मत या काळात बदललं. शिबिर मोतीबिंदू शोधतं. आमच्या शेजारच्या काकांना मधुमेह आहे. त्यांना शिबिरात 'मोतीबिंदू नाही' असं सांगितलं आणि ते खुशीत घरी आले. त्यांच्या डोळ्यातला मागचा पडदा (रेटिना) कुणी तपासलाच नव्हता. मधुमेहात पडद्याच्या रक्तवाहिन्या बिघडतात, काचबिंदूत डोळ्यामागची नस मरते, आणि दोन्हीत सुरुवातीला माणसाला काही जाणवत नाही. मोतीबिंदूने गेलेली नजर परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या तंबूपेक्षा मला त्या रुग्णालयाने मोठ्या गावात उघडलेलं छोटं दृष्टी केंद्र जास्त कामाचं वाटतं. दोन खोल्या, एक शिकलेली मुलगी, पडद्याचा फोटो काढायचं यंत्र. फोटो मुख्य रुग्णालयात जातो आणि डॉक्टर तिथून पाहतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेची रचनाही अशीच, तळाला अशी केंद्रं आणि वर मोठं रुग्णालय. काका तिथे गेले. पडद्यावर बारीक रक्तस्राव निघाले. वेळेत निघाले असं डॉक्टर म्हणाल्या.

कुणी जाणार असेल तर भिंगाचं स्टिकर लावलेलं कार्ड जपा, त्यावर नंबर असतो आणि पुढे कुठल्याही डॉक्टरला तो लागतो. आमचं एकदा हरवता हरवता वाचलं.

हे लिहिताना आत्याला फोन करून विचारलं, किती स्टार देऊ?

"किती असतात?"

"पाच."

"चार दे," ती म्हणाली. "त्या बाकड्याला पाठ टेकायला काहीतरी करा म्हणावं."