मदतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा अनुभव: सगळ्यात जास्त नडले ते जोडलेले हात

ग्रुप कसा काढायचा, ॲडमिन कोणाला करायचं, हे इथे सांगत बसत नाही, ते सगळ्यांना येतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आणि मुंबईला गेलेल्या शाळासोबत्यांनी एकमेकांच्या अडीअडचणीला उभं राहावं म्हणून चालवलेला ग्रुप गणपतीपासून आंब्याचा हंगाम संपेपर्यंत वापरल्यावर कुठे टिकतो आणि कुठे फसतो, एवढंच सांगायचं आहे. आत्ता लिहायला बसण्याचं कारण एकच. रक्त हवं असल्याचा निरोप जोडलेल्या हातांच्या चिन्हांच्या (🙏) ढिगाखाली गाडला गेला, आणि ज्यांचा तो रक्तगट होता त्यांनी तो दुसऱ्या दिवशी वाचला.

हे होतं कसं, ते बघा. "बी निगेटिव्ह हवंय" असा निरोप येतो. पहिल्या पाच मिनिटांत काय येतं? हात. मग "देव बरं करो". मग परत हात. शंभर जणांच्या ग्रुपात चाळीस जणांनी हात जोडले की शंभर फोन चाळीस वेळा वाजतात. असं दोन-तीनदा झालं की माणूस ग्रुपचा आवाज बंद करतो. तिथे आठ तास, एक आठवडा आणि कायमचा असे तीन पर्याय असतात आणि वैतागलेला माणूस कायमचाच निवडतो. पुढची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हात मायेनेच जोडलेले असतात, कोणाच्या मनात खोट नसते. पण रक्त देऊ शकणारा माणूस ग्रुपात असून नसल्यासारखा होतो.

उपाय फुकटचा आहे आणि २०२२ पासून सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. निरोपावर बोट दाबून धरायचं, वर सहा चिन्हं येतात, त्यातलं शेवटचं हात जोडलेलं. ते दाबलं की हात त्या निरोपालाच चिकटतात, नवा निरोप तयार होत नाही, आणि सूचना गेली तर फक्त मूळ निरोप लिहिणाऱ्याला जाते. बाकीच्यांचे फोन गप्प. हे वयस्कर मंडळींना लिहून सांगून समजत नाही, शेजारी बसून त्यांच्याच बोटाने दोनदा करून घ्यावं लागतं. शिकवताना एक जपायचं. त्याच ओळीत तिसरं चिन्ह हसणाऱ्या चेहऱ्याचं आहे. चष्मा न लावता दाबलं आणि कोणाच्या निधनाच्या निरोपावर ते उमटलं, तर त्या घराच्या जिव्हारी लागतं. चुकून लागलंच तर त्याच चिन्हावर परत दाबलं की निघून जातं. हे आधी शिकवा, हात नंतर.

दुसरी गोष्ट निरोपाच्या मजकुराची. "अर्जंट ब्लड हवे, कृपया पुढे पाठवा" हा निरोप निरुपयोगी आहे. त्यात तारीख नाही, गाव नाही. पुढे पाठवलेल्या निरोपावर मूळ तारीख दिसत नाही, त्यामुळे असे निरोप पेशंट घरी जाऊन बरा झाल्यावरही कितीतरी दिवस फिरत राहतात आणि बिचाऱ्या नातेवाइकांना रात्री-अपरात्री फोन येतात. आता ठरलेला नमुना असा: "१४ तारीख, दुपारी १२. बी निगेटिव्ह, २ पिशव्या, उद्या सकाळी ९ पर्यंत. रत्नागिरी. ऑपरेशनसाठी. रक्तपेढीत विचारलं, शिल्लक नाही. फॉर्म आणि नमुना पोचला आहे. संपर्क: भाचा, नंबर. उद्या ९ नंतर हा निरोप रद्द." पेशंटचं नाव नाही, रिपोर्टचा फोटो नाही, आधार कार्ड तर अजिबात नाही.

त्यातली "फॉर्म आणि नमुना पोचला आहे" ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. डॉक्टरांच्या सहीचा मागणीचा फॉर्म आणि पेशंटच्या रक्ताचा नमुना हातात आल्याशिवाय रक्तपेढी रक्त जुळवून बघू शकत नाही. रक्तदाते दारात उभे आणि नमुना अजून वॉर्डातच, असे तास वाया जातात. दात्यांची वही ठेवायची तर रक्तगटाबरोबर शेवटचं रक्तदान कधी केलं ती तारीख लिहा. पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवसांचं आणि बाईला १२० दिवसांचं अंतर लागतं. वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन १२.५ हवं. पावसाळ्यात डेंग्यूमुळे प्लेटलेट्सची मागणी येते. त्या साठवून जेमतेम ५ दिवस टिकतात, म्हणून त्यांच्यासाठी दात्यांची यादी ताजी लागते. कोण गावात आहे आणि कोण चाकरमानी म्हणून वाशी-विरारला आहे, तेही लिहा. यादीतला माणूस तिकडे असेल तर इथल्या पेशंटला त्याचा उपयोग नाही, तिकडच्याला मात्र आहे.

मग एक नियम आला आणि ग्रुप खऱ्या अर्थाने चालायला लागला. प्रत्येक गरजेला एक माणूस. "हे मी बघते" असं एकाने लिहायचं, त्यानंतर बाकीच्यांनी त्याच माणसाला वैयक्तिक फोन करायचा. काम झालं की मूळ निरोपाला उत्तर म्हणून "झालं" एवढंच लिहायचं. निरोप वर पिन करायची सोय आहे, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. गरजेचा निरोप २४ तासांसाठीच पिन करा. महिनाभर लटकलेल्या निरोपाकडे कोणी बघत नाही.

हा बघणारा माणूस पेशंट जाईल त्या गावचा असावा. सावंतवाडी-दोडामार्गकडचा पेशंट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातो, कणकवली-वैभववाडीकडचा कोल्हापूरला, दापोली-मंडणगडचा बहुतेकदा मुंबईला. तिथे रात्री डबा नेणारा, नातेवाइकाला अंघोळीला घरी नेणारा एक जण असला की निम्मं ओझं उतरतं. पावसाळ्यात दरड आली की कुठला घाट चालू आहे हेही त्यालाच विचारायचं, कारण फोंडा की आंबोली याचा निर्णय घरातून निघायच्या आधी व्हावा लागतो.

आता हातांबद्दलचं मत थोडं बदललं, ते सांगतो. ग्रुपात हात जोडायला पूर्ण बंदी असावी असं बरेच दिवस ठाम वाटत होतं. रक्ताच्या, पैशाच्या, गाडीच्या निरोपाला अजूनही वाटतं. पण मयताच्या घरी वेगळं असतं. बारावं-तेरावं आटोपलं, पाहुणे परतले, की घरातलं माणूस तो निरोप उघडून एकेक नाव वाचत बसतं. कोण कोण होतं, हे त्याला तेव्हा हवं असतं. तिथे शब्द लिहिलेले बरे, आणि गेलेल्या माणसाची एखादी आठवण लिहिली तर फार बरं. म्हणून आता दोन ग्रुप आहेत. एक फक्त गरजेचा, त्याचा आवाज कोणीही बंद करायचा नाही. दुसरा सगळ्याचा: दहावीचा निकाल, बारसं, पहिली आंब्याची पेटी वाशीला गेली, लग्न ठरलं, कोणी गेलं. आनंदाची बातमी गरजेच्या ग्रुपात चुकून आली तर कोणाला रागावू नका, ॲडमिनने ती तिथून काढून दुसऱ्या ग्रुपात टाकावी.

मयताच्या बाबतीत कामाची वाटणी मात्र गरजेच्या ग्रुपातच होते. मुंबईहून गाडी किती वाजता निघाली, डॉक्टरांचा दाखला बरोबर घेतला का, पावसाळा असेल तर सुकी लाकडं कोणाच्या मांगरात (शेतातल्या खोपीत) आहेत, सुतकाच्या घरी पेज-भाजी कोणाकडून जाणार. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दुःखात ते राहून जातं आणि पुढे बँक, पेन्शन, सातबारा सगळीकडे अडतं, म्हणून ती आठवण करून देण्याचं काम एकाकडे सोपवा.

आवाजी निरोप आधी नकोसे वाटायचे. शोधता येत नाहीत, रेंज नसली की अडकतात. आता मत उलटं आहे. वाडीवरच्या काकूंना टाइप करता येत नाही, पण त्या "घाबरा नको, मी थंय आसंय" (घाबरू नको, मी तिथे आहे) असं बोलून पाठवतात, आणि ऐकणाऱ्याला त्या आवाजाचा आधार लिहिलेल्या चार ओळींपेक्षा जास्त वाटतो. एक मिनिटाच्या आत बोला आणि खाली कोणीतरी एका ओळीत मजकूर लिहा, एवढंच पथ्य.

ज्याचं मन खचलंय तो ग्रुपात लिहीत नाही. तो गप्प होतो, रात्री दोनला काहीतरी लिहून पुसतो, नाहीतर ग्रुप सोडतो. सोडल्याचं आता फक्त ॲडमिनला कळतं, बाकीच्यांना सूचना जात नाही. ग्रुपच्या माहितीत मात्र गेल्या ६० दिवसांत गेलेल्यांची नावं दिसतात. ॲडमिनने त्याच दिवशी फोन करावा. "का सोडलास?" असं विचारू नका, "जेवलास काय? उद्या येऊ का?" असं विचारा. बोलण्यात जगण्याचा कंटाळा जाणवला तर जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. होय म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर दोघांनी मिळून फोन लावा, ती सेवा चोवीस तास आणि मोफत आहे. हे कधीही ग्रुपात चर्चेला आणायचं नाही. मोहोर गळालेला बागायतदार आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत घरी बसलेला खलाशी, हे दोघे स्वतःहून तोंड उघडत नाहीत. त्यांना त्या दिवसांत आपणच फोन करायचा.

पैशांचं थोडक्यात. गोळा करायच्या आधी विचारा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का? त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटायचं. मंजुरी उपचाराआधी लागते, म्हणून बिल झाल्यावर जाऊन उपयोग नाही. तरीही वर्गणी लागलीच तर ती कोणाच्या वैयक्तिक खात्यावर न घेता थेट रुग्णालयाच्या खात्यावर भरायची आणि पावतीचा फोटो ग्रुपात टाकायचा. मित्राच्या नावाने "तातडीने दहा हजार पाठव" असा निरोप आला तर आधी त्याच्याशी आवाजात बोला. भामटे व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड फसवून मागून एखाद्याचं खातं ताब्यात घेतात आणि मग त्याच्याच ग्रुपात पैसे मागतात. सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे, तिथे पिन घालून ठेवा. दोन मिनिटांचं काम.

जुन्या ३२ जीबीच्या फोनवर शुभ सकाळच्या चित्रांनी जागा संपते आणि नेमका कामाचा फोटो उघडत नाही. नवा फोन घ्यायची गरज नाही. स्टोरेज अँड डेटामध्ये जाऊन फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. टेलिग्रामवर हा त्रास कमी आहे, नव्या सदस्याला जुने निरोपही दिसू शकतात, पण वाडीवरची माणसं तिथे नाहीत, म्हणून तो विचार सोडला.

एका ठिकाणी मात्र हे ॲप पूर्ण हात टेकतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे वीज आणि टॉवर दोन्ही गेले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. वीज गेली की टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, मग तोही गप्प. मुंबईतून शंभर जण एकाच वेळी फोन लावायला लागले की जी थोडीफार रेंज असते तीही अडते. त्यासाठी कागदावरची यादी लागते: प्रत्येक वाडीतला एक माणूस, मुंबईतला त्याचा एक जोडीदार, दोघांनीच बोलायचं आणि बाकीच्यांना मुंबईवाल्याने कळवायचं. रेंज कमी असेल तर फोन लावत बसू नका, साधा एसएमएस करा, तो कमी रेंजमध्येही निघून जातो. वाडीतल्या माणसाने दिवसातून ठरावीक दोन वेळाच फोन चालू करायचा, एरवी बॅटरी जपायची. यादीत अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवाले आणि दिवस भरत आलेल्या बायका कोणत्या घरात आहेत हे आधी लिहा. दर मे महिन्यात ती नव्याने करायची, कारण नंबर बदलतात आणि माणसं मुंबईला जातात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक प्रत देवळात, एक किराणा दुकानात आणि एक आशाताईंकडे. जुन्या प्रती आठवणीने फाडा, नाहीतर वादळात नेमकी तीच कोणाच्या तरी हाती लागते.