लिबर्टी, थिसलगॉर्म, झेनोबिया की योंगाला: बुडालेल्या जहाजावरची पहिली मोठी डायव्ह कुठे करावी?

आधी हिशोब, मग जहाज. १२ लिटरचा टँक २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) भरला की त्यात २४०० लिटर हवा बसते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या डायव्हरला ३० मीटर खोलीवर चौपट, म्हणजे ८० लिटर लागते. वर यायला ५० बार राखून ठेवले तर तळाशी जेमतेम २२ मिनिटं उरतात. साध्या हवेवर ३० मीटरची नो-डिको मर्यादाही (वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावं न लागता तिथे राहता येतं तो वेळ) नेहमीच्या तक्त्यांत २० मिनिटांच्या आसपास असते. या चारही जहाजांचा तळ ३० मीटरच्या जवळ किंवा त्याखाली आहे. तेव्हा त्या २० मिनिटांतली किती मिनिटं जहाज बघण्यात जातील आणि किती प्रवाहाशी झगडण्यात, दोर शोधण्यात किंवा आतून बाहेर पडण्यात जातील, हे बघून निवड करावी. प्रसिद्धी चौघांचीही सारखीच आहे.

लिबर्टी (तुलांबेन, बाली)

हे अमेरिकी लष्कराचं मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ला जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो मारला. ओढून नेताना पाणी भरत गेलं, म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवलं. १९६३मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि जहाज किनाऱ्यावरून घसरून पाण्यात गेलं. आज ते किनाऱ्यापासून ३० मीटरच्या आसपास, काठाला समांतर पडलं आहे. वरचा भाग सुमारे ५ मीटरवर, खालचा ३० मीटरच्या आसपास.

पहिलं जहाज म्हणून आमचं मत याच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण हा उतार. आधी खोल कडेला जायचं आणि हवा संपत जाईल तसं जहाजाच्या अंगाने वर यायचं. सेफ्टी स्टॉपसुद्धा (बाहेर येण्याआधी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबणं) प्रवाळ बघत होतो. सांगाडा फुटून उघडा पडला आहे, त्यामुळे कमानींखालून जाताना वर उजेड दिसत राहतो. पाणी बहुतेक २६ ते २९ अंश असतं, ३ मिलिमीटरचा सूट पुरतो.

इथली खरी अडचण किनाऱ्यावर आहे. काठ वाळूचा नाही, ज्वालामुखीच्या गोल, गुळगुळीत धोंड्यांचा आहे आणि लाटेबरोबर ते पायाखालून सरकतात. बहुतेक जण पडतात ते कोरड्यात फिन चढवून चालायला जातात म्हणून. फिन हातात, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात आणि बीसीडीत (तरंगायला मदत करणाऱ्या जाकिटात) थोडी हवा, असं जोडीदाराला धरून कमरेइतक्या पाण्यात जायचं आणि फिन तिथे तरंगत घालायचे. परतताना लाटांचा एक जोर ओसरू द्यावा. उभं राहता येत नसेल तर सरळ रांगत यावं, त्यात कमीपणा काही नाही. सूर्योदयाच्या सुमारास गेलं तर कपाळावर टेंगूळ असलेल्या मोठ्या पॅरटफिशचा थवा जहाजावर सापडण्याची शक्यता जास्त, शिवाय दिवसाच्या सहलींची गर्दीही तेव्हा नसते.

थिसलगॉर्म (शाब अली, तांबडा समुद्र)

युद्धसामग्री बघायची असेल तर या चारांत दुसरा पर्याय नाही. ६ ऑक्टोबर १९४१ला जर्मन विमानांनी टाकलेल्या बॉम्बने मागच्या बाजूचा दारूगोळा पेटला आणि जहाज तिथे फाटलं. पुढचा भाग सरळ उभा आहे, पिछाडी मोडून डाव्या अंगावर कललेली. पुढच्या होल्डमध्ये (माल ठेवायच्या कोठारात) बेडफर्ड ट्रक, त्यांवर रचलेल्या बीएसए मोटरसायकली, रायफली आणि रबरी बूट आहेत. स्फोटाने फेकली गेलेली रेल्वेची दोन वाफेची इंजिनं जहाजाच्या दोन बाजूंना समुद्रतळावर पडली आहेत. तळ ३० ते ३२ मीटर, नाळेकडचा (पुढच्या टोकाचा) डेक १६-१७ मीटर.

एका डायव्हमध्ये हे सगळं मावत नाही. पहिली बाहेरून: पिछाडीवरच्या तोफा आणि प्रोपेलर बघून, फाटलेल्या भागावरून पुढे नाळेकडे. दुसरी होल्डमधली. एकाच डायव्हचे पैसे भरून जाणाऱ्याने इथे येऊच नये. इजिप्तमधल्या शार्म अल-शेखहून बोटीला तीन-चार तास लागतात. जहाजावरच मुक्काम असलेल्या लाईव्हअबोर्ड सफरीत पहाटेची डायव्ह मिळते, दिवसाच्या बोटी पोचण्याआधी.

इथे हिशोब बिघडवतो तो प्रवाह. वर एका दिशेला आणि खाली दुसऱ्या दिशेला, असंही होतं. दोर धरून हाताहाताने उतरताना श्वास दुप्पट झाला तर चार मिनिटांच्या उतरण्यातच ४०० लिटर, म्हणजे ३३ बार जातात. खाली पोचल्यावर डेकच्या वर तरंगू नये. जहाजाच्या आडोशाच्या बाजूने, भिंतीला धरून जावं. आधी प्रवाहाविरुद्ध जायचं म्हणजे परतीला तोच प्रवाह ढकलतो. दोर प्रवाहाच्या वरच्या बाजूला राहिला असेल तर टँकमध्ये १०० बार उरले की वळायचं, ७० उरेपर्यंत थांबायचं नाही.

दुसरी चूक दोराची. एका वेळी अनेक बोटी बांधलेल्या असतात आणि खालून सगळे दोर सारखेच दिसतात. चुकीच्या दोराने वर आलं की परक्या बोटीखाली, प्रवाहात, रिकाम्या टँकने आपली बोट शोधावी लागते. उतरल्याबरोबर आपला दोर कोणत्या विंचजवळ (दोर ओढायच्या यंत्राजवळ) किंवा कठड्याजवळ बांधला आहे ते पाहून ठेवावं, शक्य असेल तर त्यावर लुकलुकणारा छोटा दिवा अडकवावा. होल्डमध्ये घोळक्याने थांबणं टाळावं. डायव्हरच्या बुडबुड्यांची हवा छताखाली साठते आणि तिच्यातल्या प्राणवायूमुळे पत्रा लवकर गंजतो.

झेनोबिया (लार्नाका, सायप्रस)

सगळ्यात सोयीचं, आणि म्हणूनच आमच्या मते सगळ्यात फसवं. स्वीडिश बनावटीची ही नवीकोरी फेरी मालट्रक घेऊन सीरियाकडे निघाली होती. बॅलास्ट टाक्यांत (जहाजाचा तोल सांभाळणाऱ्या पाण्याच्या टाक्यांत) पाणी भरत गेल्याने ती कलली आणि जून १९८०मध्ये बंदराबाहेर बुडाली. कोणी दगावलं नाही. किनाऱ्यावरून बोटीने काही मिनिटांचं अंतर, प्रवाह बहुधा नगण्य, पाणी इतकं स्वच्छ की वरूनच जहाजाची कूस दिसते. लांबी सुमारे १७२ मीटर. ते डाव्या कुशीवर आडवं आहे. उजवी बाजू १७ मीटरच्या आसपास, तळ ४२ मीटरवर.

फसगत इथूनच सुरू होते. वरच्या कुशीवर १८ मीटरची सोपी डायव्ह चालू असते आणि कडेवरून खाली साखळ्यांना लटकलेले ट्रक दिसतात. आणखी थोडं खाली, असं करत डायव्हर ३५ मीटरवर पोचतो. थिसलगॉर्मसाठी ३२ टक्क्यांचं नायट्रॉक्स (जास्त प्राणवायू असलेली हवा) अगदी योग्य, प्राणवायूच्या दाबाच्या १.४ बारच्या मर्यादेत ते ३३ मीटरपर्यंत चालतं. तेच मिश्रण घेऊन झेनोबियाच्या तळाशी गेलं तर प्राणवायूचा दाब १.६६ बार होतो आणि आकडीचा धोका उभा राहतो. कडेखाली जायचं ठरलं असेल तर २८ टक्के घ्यावं, त्याची मर्यादा ४० मीटर. टँकमधलं मिश्रण स्वतः मोजल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

आत शिरण्याचा मोहही इथेच सर्वांत जास्त. आडव्या जहाजात जमिनीची भिंत होते, जिना आडवा होतो आणि दार डोक्यावर किंवा पायाखाली येतं. आत जाताना ओळखीची वाटलेली खोली परतताना परकी वाटते. फिन कितीही जपून मारले तरी बुडबुडे छताला लागून गंज खाली झरतो, आणि वाट मागेच गढूळ झालेली असते. रिक्रिएशनल (हौशी) डायव्हिंगमध्ये पाण्याची खोली आणि जहाजाच्या आतलं अंतर मिळून ४० मीटर ही सर्वमान्य मर्यादा आहे. १८ मीटरवर दार असेल तर आत २२ मीटर, ३० मीटरवर असेल तर फक्त १०, तेही बाहेरचा उजेड दिसत असेपर्यंत. त्यापुढे रेक डायव्हिंगचं (बुडालेल्या जहाजांत उतरण्याचं) प्रशिक्षण, रीळ (दोरीची पहिली गाठ दाराबाहेर, दुसरी आत शिरल्याबरोबर), तीन टॉर्च आणि हवेचे तीन वाटे: एक आत जायला, एक बाहेर यायला, एक अडचणीसाठी. ३० मीटरवर १२ लिटरच्या टँकचा एक वाटा म्हणजे ८०० लिटर, १० मिनिटं. इंजिनरूम ही या गणितात बसणारी जागा नाही.

हिवाळ्याच्या शेवटी पाणी १६-१७ अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा ७ मिलिमीटरचा सूट किंवा ड्रायसूट (पाणी आत न येणारा सूट) लागतो. ऑगस्ट-सप्टेंबरला २७-२८ अंश असतं. प्रशिक्षणासाठी आठवडाभर रोज त्याच जहाजावर उतरायचं असेल तर याच्याइतकी चांगली जागा या चारांत नाही.

योंगाला (क्वीन्सलंड, ऑस्ट्रेलिया)

इथे आत जाण्याचा प्रश्नच येत नाही, कायद्याने बंदी आहे. २३ मार्च १९११ला चक्रीवादळात हे प्रवासी जहाज सर्वच्या सर्व १२२ जणांसह बुडालं. त्यावर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मकाय बंदर सोडल्यावर वादळाचा इशारा पोचलाच नाही. सांगाडा सापडला १९५८मध्ये. उजव्या अंगावर कललेलं सुमारे १०९ मीटरचं जहाज, वरची बाजू १५ मीटरच्या आसपास, तळ ३० मीटरच्या जवळ. आजूबाजूला नुसती वाळू, त्यामुळे आसपासचं सगळं समुद्रजीवन याच एका आडोशाला जमतं: अजस्र ग्रूपर, समुद्रसर्प, पाकट, कासवं. लोखंडापेक्षा मासे बघायचे असतील तर पहिली पसंती हीच.

किंमत हवामानाची. जागा उघड्या समुद्रात आहे, लाटा अडवायला जवळ प्रवाळाची भिंत नाही. डायव्ह रद्द होणं इथे नेहमीचं, म्हणून दोन-तीन दिवस जादा ठेवूनच बुकिंग करावं. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. उतरणं-चढणं दोर धरूनच, आणि सेफ्टी स्टॉपला लाट दोराला वर-खाली हिसके देते. तेव्हा दोर घट्ट आवळू नये. हात सैल ठेवून खोली स्वतःच्या तरंगण्यावर सांभाळावी. ज्याला दोराशिवाय ५ मीटरवर तीन मिनिटं स्थिर राहता येत नाही, त्याने आधी लिबर्टीवर चार-पाच डायव्ह कराव्यात.

स्कॉटलंडमधल्या स्कापा फ्लोचा विचार या रांगेत करू नये. १९१९मध्ये स्वतःहून बुडवलेल्या जर्मन आरमाराची युद्धनौका बघायची तर ४० मीटरच्या आसपासची खोली, ड्रायसूट आणि उन्हाळ्यातही थंड राहणारं पाणी, सगळं एकदम येतं. ते वरचं जमल्यावर.

बुकिंगआधी बोटवाल्याला विचारायचं ते एवढंच: ५ मीटरवर जादा टँक लटकवता का, शुद्ध प्राणवायूचा संच बोटीवर असतो का, आणि प्रवाह वाढला तर डायव्ह कोण रद्द करतं. तिसऱ्याचं उत्तर "बघू तिथे गेल्यावर" असं आलं तर दुसरी बोट बघावी.