एका सेलची बॅटरी, नऊ महिन्यांनंतर

आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. विजेरी हा शब्द पलूस तालुक्यात मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. त्यामुळं खाली बॅटरी म्हटलं की टॉर्च समजा आणि सेल म्हटलं की आत घालायची वस्तू, नाहीतर घोळ होईल.

आमची दीड एकर द्राक्षबाग आणि अडीच एकर ऊस. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. रात्रीची पाळी आली की मोटर चालू करायला जा, दारं धरा, पाणी कुठं फुटलंय ते बघत सरीसरीनं फिरा. म्हणजे बॅटरी ही आमच्याकडं खुरप्याइतकीच रोजची वस्तू. तरी मागच्या जूनपर्यंत मी ती कधी विचार करून घेतली नव्हती. बाजारात गेलो, तीनशे रुपयांची चार्जिंगची प्लॅस्टिकची घेतली, वर्षभरात मेली, दुसरी घेतली. कपाटावर अशा चार पडल्या होत्या. त्यांच्या आत लेड-अ‍ॅसिडचा छोटा डबा असतो. तो उतरलेल्या अवस्थेत दोन महिने पडून राहिला की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि डबा चार्ज धरायचं सोडतो. दुरुस्तीवाला म्हणायचा, डबा दोनशेचा आणि नवी बॅटरी तीनशेची, बघा तुम्हीच.

म्हणून या खेपेला उलटीकडनं सुरुवात केली. आधी सेल ठरवला, मग त्या सेलवर चालणारी बॅटरी शोधली.

सेल ठरवला १८६५०. हा आकडा म्हणजे मापच आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५, आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं. लॅपटॉपच्या जुन्या पॅकात असायचे तेच हे लिथियमचे सेल. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, नाव ३.६ किंवा ३.७ व्होल्टचं. चांगल्या सेलात साधारण ३५०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेलात किती वीज मावते त्याचं माप) मावतात, म्हणजे बारा वॅट-तासांच्या वर. चार्जिंगच्या पेन्सिल सेलात अडीच-तीनच. पेन्सिल सेलची एकच गोष्ट भारी, तो कुठल्याही पानपट्टीवर मिळतो. आईसाठी मी तसली एका पेन्सिल सेलची बॅटरी घेतली आणि गोठ्यापर्यंत जायला ती पुरते. पण रात्री चार तास शेतात फिरायचं तर तिथं तिचं काम नाही. २१७०० हा त्याहून मोठा सेल, ५००० एमएएचचा. चुलतभावाकडं तसली बॅटरी आहे. उजेड जास्त वेळ टिकतो यात वाद नाही, पण सदऱ्याच्या खिशात घातली की खिसा बैलाच्या वशिंडासारखा लोंबतो.

एक फसवणूक आधीच सांगून ठेवतो. बाजारात ९९०० एमएएच लिहिलेले १८६५० सेल शे-दीडशेला मिळतात. असा १८६५० सेल नसतो. मी कुतूहल म्हणून एक घेतला आणि ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर दोन्ही ठेवले. माझा ३५०० वाला ४७ ग्रॅम भरला, ९९०० वाला ३३. सोनार म्हणाला, "तुमचं बावीस कॅरेटचं दिसतंय, हे बेन्टेक्स." नंतर चार्जरवर मोजला तर त्यात हजारसुद्धा भरले नाहीत.

बॅटरीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. मी घेतली त्याच नावानं आता वेगळ्या एलईडीची मिळतेय, त्यामुळं नाव वाचून मागवलीत तर माझा अनुभव तुम्हाला लागू होईलच असं नाही. वस्तू अशी आहे: अ‍ॅल्युमिनियमची, अकरा सेंटिमीटर लांब, सेलसकट सव्वाशे ग्रॅमच्या आत, मागं रबरी बटण, बुडाला लोहचुंबक, बाजूला टाइप-सी चार्जिंगचं भोक. सेलसकट सव्वीसशे पन्नास. जादा एक सेल साडेसहाशे आणि वेगळा चार्जर पाचशे. आण्णांनी हातात घेऊन फिरवून बघितली आणि म्हणाले, "उसाच्या पेराएवढी न्हाई, आन् सव्वीसशे?"

पहिल्या रात्री मी तेच केलं जे सगळे करतात. पूर्ण उजेड लावून शेजारच्या मळ्यातलं नारळाचं झाड दाखवलं. हजार ल्युमेन (एकूण उजेडाचं माप). आण्णा गप्प झाले. तीन मिनिटांत बॅटरी तापली आणि उजेड आपोआप निम्म्याच्या खाली आला. आण्णा परत बोलायला लागले.

यात बिघाड काही नाही. एवढ्याशा अंगाला एवढी उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून आतलं सर्किट उजेड उतरवतं. पण खोक्यावर हजार ल्युमेन आणि त्याच ओळीत अडीच तास लिहिलेलं असतं, त्यानं माणूस फसतो. टॉर्च मोजायची जी पद्धत आहे तिच्यात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे हजाराचे शंभर होईपर्यंत घड्याळ चालूच. लांबीचंही तसंच. माझ्या खोक्यावर १८० मीटर आहे. हे अंतर म्हणजे जिथं उजेड पुनवेच्या चांदण्याइतका, पाव लक्स, उरतो ते. पुनवेच्या चांदण्यात समोर काहीतरी हललं एवढं कळतं, ते कुत्रं आहे की रेडकू ते कळत नाही. खोक्यावरच्या अंतराचं निम्मं धरून चाला. आणि लांब फेक हवी असेल तर ल्युमेन बघू नका, कँडेला, म्हणजे झोताच्या मध्याचा जोर, बघा. दहा हजार कँडेला असतील तर खोक्यावर २०० मीटर येतात. फेक दुप्पट हवी तर कँडेला चौपट लागतात.

मी मात्र नऊ महिन्यांत पूर्ण उजेड सगळा मिळून तासभर वापरला असेल. बांधावरून चालायला १५० ल्युमेन रग्गड होतात आणि त्या उजेडावर सेल साधारण आठ तास जातो. म्हणजे लाईटची अख्खी पाळी. दारं मोडताना, म्हणजे एका सरीचं तोंड बांधून दुसरीचं फोडताना, ३० ल्युमेनसुद्धा चालतात, कारण नजर पायाशीच असते. उलट तिथं मोठा उजेड लावला तर पाण्यावरून तो परत डोळ्यात येतो आणि मान वर केली की दोन मिनिटं सगळं काळंकुट्ट. माझ्याबरोबर वाट्यानं पाणी पाजणारे तात्या पहिल्यापासून सांगत होते, "आरं बारीकच ऱ्हाऊ दे ती, डोळं दिपत्यात." मला वाटायचं यांना उजेडाची सवय नाही. पंधरा दिवसांत मीही बारीकवरच आलो.

आता उजेडाच्या रंगाविषयी, कारण त्याचा मी घेताना विचारसुद्धा केला नव्हता. दोन प्रकार होते, साडेसहा हजार केल्विनचा पांढराफेक आणि साडेचार हजारचा जरा पिवळसर. पांढरा जास्त झगझगीत वाटतो आणि कागदावर त्याचे ल्युमेनही जास्त. मी पिवळसर घेतला, तो शिल्लक होता म्हणून. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला आणि बाग फुलोऱ्याच्या आसपास असताना डावणीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची, भीती उभी राहिली. पहाटे चारला उठून पानं उलटीपालटी करून बघायची: वर तेलकट पिवळट डाग, खाली पांढरी बुरशी. जुन्या पांढऱ्या बॅटरीच्या उजेडात सगळं पान निळसर दिसायचं आणि डाग हिरव्यात मिसळून जायचा. नव्या बॅटरीत डाग दिसतो, उन्हात दिसतो तेवढा नाही, पण दिसतो. मी दोन्ही बॅटऱ्या एकाच पानावर धरून बघितल्या आणि शेजाऱ्यालाही दाखवल्या. तेव्हापासून द्राक्षवाल्यांना मी एकच सांगतो, उजेडाचे शे-दोनशे ल्युमेन सोडा पण पिवळसर घ्या, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरापैकी माप) नव्वदच्या वर लिहिला असेल तर अजून बरं. फवारणी चालू असताना मात्र कुठलाही मोठा उजेड उपयोगाचा नाही. तुषारांवर पडून तो समोर पांढरी भिंत उभी करतो.

रंगाचा दुसरा हिशेब नोव्हेंबरात झाला. खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर परत फुटलेल्या उसाच्या, कडेला पाचट पसरलेलं होतं आणि त्या पाचटावर घोणस. वाळल्या पाचटाचा रंग आणि तिचा रंग यात फारसा फरक नसतो. चार पावलांवर असताना अंगावरच्या काळ्या कड्यांच्या तपकिरी चकत्या दिसल्या आणि पाय जागच्या जागी थांबला. जुनी बॅटरी असती तर दिसली नसती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तेव्हापासून चालताना उजेड लांब न टाकता पायापुढं दोन पावलांवर टाकतो. मण्यार तर रात्रीच फिरते. बॅटरीला घाबरून साप पळत नाही, गमबूट आणि काठी लागतेच.

आणि बिबट्या. वाळवा-शिराळ्याकडं उसात बिबट्या दिसल्याच्या बातम्या यायला लागल्यापासून आमच्याकडंही रात्री प्रत्येक माणूस उसाच्या कडेला उजेड मारून बघतो. डोळे चमकतात. आत्तापर्यंत माझ्या उजेडात जे जे चमकलं ते मांजर, कुत्रं नाहीतर कोल्हा निघालं. तेवढ्यासाठी मात्र हजार ल्युमेनचं बटण हाताशी असावं असं वाटतं खरं.

बुडाचं लोहचुंबक मला खेळण्यातलं वाटलं होतं. आता ते नसेल तर मी बॅटरी घेणार नाही. स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला बॅटरी चिकटवली की दोन्ही हात मोकळे. पूर्वी फ्यूज बघायचा तर बॅटरी दातात धरायची किंवा पोराला झोपेतून उठवून न्यायचं, आणि पोरगं उजेड सगळीकडं दाखवायचं, फ्यूजवर सोडून. चुंबकाचा तोटा एवढाच की शेतात ठेवली की बुडाला लोखंडाची काळी माती चिकटते आणि ती कापडानं निघत नाही. चिकटपट्टी दाबून ओढायची, निघते.

बुडावर ती उभीही राहते. पावसाळ्यात दोन रात्री गावची लाईट गेली होती, तेव्हा ती फडताळात उभी करून उजेड छताला लावला तर सगळ्या खोलीत जेवणापुरता प्रकाश झाला. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तेव्हा आम्ही कितीतरी रात्री मेणबत्त्यांवर काढल्या. भरलेले दोन सेल असते तर बारीक उजेडावर आठवडा निघाला असता. हे आत्ता सुचतं.

आता तक्रारी. पहिली मोठी आहे. बाजूच्या चार्जिंगच्या भोकाला रबरी झाकण आहे. ते चौथ्या महिन्यात सैल झालं. बॅटरी पाटाच्या पाण्यात दोनदा पडली आणि चालू राहिली, पण चिखल त्या भोकात जाऊन बसला. शिवाय मुलीच्या नव्या मोबाईलचा दोन्हीकडं टाइप-सी असलेला चार्जर लावला तर चार्जच होत नाही. जुनी, एका टोकाला चपटं यूएसबी असलेली केबल लावली तर होते. आत दोन बारीक रेझिस्टर वाचवलेले असतात, म्हणून हे होतं. मी आता भोक वापरतच नाही, सेल काढून वेगळ्या चार्जरवर लावतो. म्हणून म्हणतो, सेल बाहेर निघणारी आणि सगळीकडं मिळणाऱ्या मापाचीच घ्या. काही कंपन्या आपलाच खास सेल लागेल अशी रचना करतात. दिसायला १८६५०, पण अधिक-उणे दोन्ही एकाच टोकाला. ती घेतली की पुन्हा त्यांच्याच दारात.

दुसरी तक्रार बटणाची. दोनदा पटकन दाबलं की उजेड फडफडायला लागतो, पोलिसांच्या गाडीसारखा. चिखलाच्या हातानं हे हमखास होतं. आणि एकदा घरी सुपारी फोडायला वाकलो तेव्हा विजारीच्या खिशात बटण दाबलं गेलं. कळलं तेव्हा मांडीवर रुपयाएवढा लाल डाग होता. त्यानंतर खिशात घालताना मागचं झाकण पाव फेरा सैल करतो. आट्यांवरचा थर वीज जाऊ देत नाही, त्यामुळं झाकण जरा सैल झालं तरी जोड तुटतो. घेताना हे दुकानातच करून बघा.

जादा सेल मी प्लॅस्टिकच्या डबीत ठेवतो. किल्ल्यांबरोबर सुटा खिशात टाकू नये, शॉर्ट झाला तर पेट घेतो. वरचं आवरण फाटलेला सेलही वापरू नये. झाकणाच्या रबरी कड्याला दोन महिन्यांतून एकदा सिलिकॉन ग्रीस लावतो, पंपाच्या दुकानात मिळतं. क्लिप सहाव्या महिन्यात तुटली, तिथं नाडी बांधली आहे. सेल परवा चार्जरवर मोजला. घेतला तेव्हा ३३८० भरला होता, आता ३२४०.

आण्णांना ही बॅटरी आवडते पण वापरता येत नाही. त्यांना दाबलं की लागली आणि दाबलं की विझली एवढंच हवं. मधले चार उजेड, फडफड, काही नको. खूप शोधल्यावर एक सापडली, जिच्यात बाकीचे सगळे उजेड बंद करून एकच ठेवता येतो. दीडशे ल्युमेनवर लावून देणार आहे. चार्जिंगचं भोक नाही तिला. सेल तोच, १८६५०.