ग्लुट-१ ची अँटिबॉडी, आठ महिने वापरून

पहिले दोन महिने मी ह्या अँटिबॉडीला (ठराविक प्रोटीन शोधून त्याला चिकटणारा रेणू) एवढ्या शिव्या घातल्यात की आता चांगलं लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. पाषाणला आमची छोटीशी लॅब, बजेट बेताचं, आणि १०० मायक्रोलिटरच्या व्हायलला जवळपास माझा दीड महिन्याचा स्टायपेंड, त्यामुळे राग यायचाच. सशाची पॉलिक्लोनल आहे, म्हणजे सशाच्या रक्तातून काढलेलं अनेक अँटिबॉडींचं मिश्रण, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

ग्लुट-१ म्हणजे पेशीत ग्लुकोज आत घेणारं प्रोटीन, ४९२ अमिनो ॲसिडचं, पेशीच्या मेम्ब्रेनमधून, म्हणजे पडद्यातून, १२ वेळा आरपार गेलेलं. वेस्टर्नमध्ये (प्रोटीनं जेलमध्ये वजनाप्रमाणे वेगळी करून, पातळ कागदासारख्या ब्लॉटवर उतरवून अँटिबॉडीने शोधायची) ते ५५ केडीए वजनाच्या आसपास दिसायला हवं होतं. दिसलं काय, तर सगळा माल वर, जेलमध्ये सॅम्पल भरायच्या खाचेच्या, वेलच्या, तोंडाशीच अडकलेला, खाली कोरं. तीन ब्लॉट असे गेले. मी अँटिबॉडीचं डायल्युशन बदललं, ब्लॉकिंग (ब्लॉटच्या रिकाम्या जागा झाकणं) बदललं, सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून सिग्नल देणारी दुसरी अँटिबॉडी) बदलली, मग शेजारच्या लॅबमधल्या ताईने नुसतं विचारलं, "अगं, सॅम्पल उकळतेस का?" अर्थात उकळते, ९५ डिग्रीला पाच मिनिटं, सगळेच उकळतात ना. "मग हे कर, ३७ ला अर्धा तास ठेव आणि लोड कर."

एवढंच होतं! मेम्ब्रेनमध्ये राहणारा त्याचा भाग तेलकट स्वभावाचा, पाण्याला न मानणारा, उकळलं की हे रेणू एकमेकांना असे चिकटतात की जेलमध्ये शिरतच नाहीत. अँटिबॉडी बिचारी निर्दोष.

नंतर बँड आला पण तोही पसरट, ४५ ते ६० पर्यंत फराटा ओढल्यासारखा. सर म्हणाले नॉन-स्पेसिफिक आहे, म्हणजे अँटिबॉडी भलत्याच प्रोटीनलाही चिकटतेय. नव्हतं. ह्या प्रोटीनला ४५ नंबरच्या ॲस्परजिन ह्या अमिनो ॲसिडवर साखरेची साखळी असते आणि ती प्रत्येक रेणूवर सारखी नसते. पीएनगेज एफ हे एन्झाइम घालून साखर कापली तर बँड खाली सरकला आणि चक्क बारीक झाला, तो ब्लॉट मी अजून फोनमध्ये ठेवलाय. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे प्रोटीन नक्की असलेलं सॅम्पल म्हणून, हेपजी२ ह्या यकृताच्या कॅन्सरच्या पेशी घ्या, एनसीसीएस ह्या पुण्याच्या पेशी-संशोधन संस्थेकडून मिळतात, आणि ह्या प्रोटीनचा जीन १९८५ मध्ये ह्याच पेशींमधून क्लोन झाला होता. सोबत एसआयआरएनएने (जीन गप्प करणारे आरएनएचे छोटे तुकडे) प्रोटीन कमी केलेल्या सॅम्पलची एक लेन जेलमध्ये लावाच, त्याशिवाय कोणत्याही बँडवर माझा विश्वास नाही.

आता खरी तक्रार. अँटिबॉडीच्या डेटाशीटवर फ्लोसमोर (फ्लो सायटोमेट्री, एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिचा चकाकता सिग्नल मोजणं) बरोबरची खूण आहे. मशीनचा स्लॉट मिळायला दोन आठवडे, मी जिवंत पेशी घेऊन गेले, पेशी अगदी थंडगार ठेवलेल्या, आणि सिग्नल शून्य, नुसती सेकंडरी घातलेल्या कंट्रोलएवढाच. नंतर बघितलं तर ही अँटिबॉडी सी-टर्मिनसविरुद्ध (प्रोटीनच्या शेवटच्या टोकाविरुद्ध) बनवलेली, आणि ग्लुट-१ ची दोन्ही टोकं पेशीच्या आत असतात! बाहेरून ती पोचणार कशी, आधी पेशी फिक्स करून (रसायनाने आहे तशा गोठवून) सॅपोनिन ह्या साबणासारख्या पदार्थाने पडद्याला भोकं पाडावी लागतात. हे तिथे होतं, पण तळटीपेत, मुंगीएवढ्या अक्षरात. बाहेरच्या भागाविरुद्धची अँटिबॉडी असेल तर ही भानगड नाही, फक्त तेव्हा ट्रिप्सिनमध्ये (पेशी प्लेटवरून सोडवणारं, प्रोटीन कापणारं एन्झाइम) पेशी विसरू नका, बाहेरचा भागच कापला जाऊ शकतो.

इम्युनोफ्लुरोसन्समध्ये (चकाकत्या अँटिबॉडीने पेशी मायक्रोस्कोपखाली बघणं) मात्र मस्त. पेशी दाटीने वाढल्या की सगळ्या कडा उजळतात, शहाबादी फरशीच्या सांध्यांसारख्या, मी त्या दिवशी डबा खायचा विसरले.

साठवण: आल्या आल्या १० मायक्रोलिटरचे अलिकॉट (छोटे वाटे) केले म्हणून वाचलो, कारण एका गुरुवारी लाईट गेली आणि जनरेटरने दगा दिला, फ्रीजरमधला बर्फ सुटला, तरी नंतर बँड तसाच. आणखी एक, आमच्याकडे एकाने टिकावी म्हणून एचआरपीवाल्या (सिग्नल देणारं एन्झाइम जोडलेल्या) सेकंडरीत सोडियम ॲझाइड हे जंतू रोखणारं रसायन घातलं, ॲझाइड एचआरपीलाच मारतं, पूर्ण आठवडा कोरे ब्लॉट.

अँटिबॉडीचा दुसरा लॉट (नवीन खेप) आला तेव्हा हजारपट पातळ करून, १:१००० वर, काही दिसेना, १:५०० करावं लागलं. पॉलिक्लोनल म्हटल्यावर ससा बदलला की हे आलंच, पण पैसे तेवढेच घेतात. पाचपैकी साडेतीन.

आत्ता दोन अलिकॉट उरलेत. नवीन ऑर्डर देताना डिस्ट्रिब्युटरला आधीच लॉट नंबर विचारला, तर म्हणाला, "मॅडम, आल्यावर बघा ना."